कापलेल्या दस्त्याची रायफल: मर्यादित खर्चात केलेल्या जतनाचे एक प्रकरण

२०२४ सालच्या खंडेनवमीला निफाड तालुक्यातील मामांच्या घरी शस्त्रपूजेसाठी रायफल कपाटातून बाहेर काढली, तेव्हा तिच्या कॅनव्हासच्या कव्हरला बुरशीचा वास येत होता. कव्हरची चेन उघडल्यावर आतले अस्तर नळीला चिकटलेले दिसले आणि ते सोडवल्यावर नळीवर तपकिरी गंजाचा लांब पट्टा उघडा पडला. त्या वर्षी लोकसभा निवडणुकीच्या काळात परवानाधारकांकडून जमा करून घेतलेल्या हत्यारांमध्ये ही रायफल होती. ती परत आली जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, आणि आम्ही ती त्याच कव्हरमध्ये तशीच कपाटात ठेवून दिली. चूक सर्वस्वी आमची होती. कॅनव्हास आणि लोकरी अस्तर दमट हवेतले पाणी धरून ठेवतात, त्यामुळे बंद कव्हरमध्ये चार महिने ठेवलेले पोलाद उघड्यावर ठेवल्यापेक्षा अधिक गंजते, हे टूलरूममध्ये वीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला ठाऊक असायला हवे होते.

पाठोपाठ विधानसभेची आचारसंहिता लागली आणि रायफल पुन्हा जमा झाली. प्रत्यक्ष काम जानेवारी २०२५ मध्ये सुरू करता आले. मामांनी खर्चाची मर्यादा बारा हजार रुपये ठरवून दिली होती. त्या मर्यादेत काय करता आले, काय करायचे टाळले आणि मूळ योजना मध्येच का बदलावी लागली, याची ही नोंद आहे. घरात जुने परवानाप्राप्त हत्यार असलेली कुटुंबे नाशिक जिल्ह्यात बरीच आहेत, आणि अशा हत्याराची ‘दुरुस्ती’ म्हणून जे काही केले जाते त्यात पुष्कळदा त्याचे कायमचे नुकसान होते, म्हणून ती तपशिलाने लिहीत आहे.

हत्यार नेमके कोणते

घरात या रायफलीला सगळे ‘आजोबांची इंग्लिश रायफल’ म्हणत. आजोबांनी ती पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या एका दुकानातून रानडुकरांपासून पिकाचे रक्षण करण्याच्या परवान्यावर घेतली होती. दस्ता (रायफलीचे लाकडी अंग) शिकारी रायफलीसारखा आखूड आणि टोकाला गोलाकार, वर तांबूस चकचकीत पॉलिश. त्यामुळे ती मुळातच शिकारी रायफल असावी, असा सर्वांचा समज होता.

रिसीव्हरच्या (नळी ज्यात बसते आणि बोल्ट म्हणजे खटका ज्यात सरकतो त्या पोलादी भागाच्या) कड्यावरचा मळ तेलाच्या बोळ्याने पुसल्यावर ‘यू. एस. मॉडेल ऑफ १९१७’ आणि त्याखाली ‘एडिस्टोन’ ही अक्षरे दिसली. नळीच्या टोकाशी, नेम धरण्याच्या पुढच्या माशीच्या मागे, ‘ई’ हे अक्षर आणि ‘६-१८’ हा आकडा होता, म्हणजे नळी जून १९१८ ची. या रायफलीचा आराखडा मूळचा ब्रिटिश आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने .३०३ काडतुसाची ‘पॅटर्न १४’ ही रायफल अमेरिकेतील विंचेस्टर, रेमिंग्टन आणि एडिस्टोन या तीन कारखान्यांकडून बनवून घेतली. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका स्वतः युद्धात उतरली, तेव्हा तिच्याकडे स्वतःच्या नेहमीच्या रायफली पुरेशा नव्हत्या आणि हे तिन्ही कारखाने मात्र यंत्रसामग्रीसह तयार होते, म्हणून तोच आराखडा अमेरिकेच्या .३०-०६ काडतुसासाठी बदलून घेण्यात आला. अशा सुमारे २२ लाख रायफली तयार झाल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक एकट्या एडिस्टोनच्या होत्या. फ्रान्समध्ये लढलेल्या बहुसंख्य अमेरिकी सैनिकांच्या हातात हीच रायफल होती.

म्हणजे आजोबांची रायफल मुळात लष्करी होती आणि पुढे कुणीतरी तिचा पुढचा दस्ता कापून, वरची दोन्ही लाकडी आवरणे आणि नळी व लाकूड एकत्र बांधणारी धातूची कडी काढून टाकून तिला शिकारी रूप दिले होते. यालाच ‘स्पोर्टराइज’ करणे म्हणतात. दोन्ही महायुद्धांनंतर सरप्लस, म्हणजे लष्कराकडे जादा झालेल्या, रायफली स्वस्तात मिळत, आणि वजन कमी करून त्या शिकारीसाठी विकणे हा इंग्लंड-अमेरिकेतील बंदूक व्यापाऱ्यांचा नेहमीचा धंदा होता. हा बदल कुठे झाला याची खूण नळीच्या बुडाशी, लाकडाच्या रेषेला लागून सापडली. तिथे ब्रिटिश चाचणीचे शिक्के, .३०-०६ च्या काडतुसाच्या कोशाची लांबी इंचांत दाखवणारा २.४९४ हा आकडा आणि शेजारी ‘नॉट इंग्लिश मेक’ ही अक्षरे होती. परदेशी बनावटीच्या हत्याराची ब्रिटनमध्ये चाचणी झाली की ही अक्षरे उमटवण्याची पद्धत १९२५ पासून १९५५ पर्यंत होती. आजोबांच्या खरेदीच्या काळाशी ती बरोबर जुळते.

इथे एक कायदेशीर मुद्दा सांगायला हवा. भारतात .३०३ हा बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचे माप) सामान्य परवानाधारकासाठी प्रतिबंधित आहे. लष्करी काडतूस नागरिकांच्या हाती जाऊ नये, या इंग्रजांच्या काळातल्या धोरणामुळेच .३१५ ची रायफल आपल्याकडे इतकी रुळली. आमची रायफल .३०-०६ ची असल्यामुळे ती अप्रतिबंधित वर्गात मोडते. तीच रायफल ‘पॅटर्न १४’ असती, तर दिसायला जवळपास सारखी असूनही ती मामांच्या घरात राहू शकली नसती. म्हणून जुन्या हत्याराच्या बाबतीत परवान्यावरची नोंद आणि नळीवरचे शिक्के एकमेकांशी ताडून पाहणे, हे पहिले काम आहे.

पहिली योजना आणि तिचा शेवट

माझी पहिली योजना रायफलीला तिचे १९१८ चे रूप परत देण्याची होती. धातूचा भाग आश्चर्यकारकरीत्या शाबूत होता. स्पोर्टराइज करताना या मॉडेलच्या मागच्या दर्शिकेचे (नेम धरण्याच्या खुणेचे) दोन्ही बाजूंचे ‘कान’ घासून टाकण्याची रीत होती आणि एकदा ते घासले की मूळ रूप परत आणण्याची वाट जवळजवळ बंद होते, कारण उष्णता-प्रक्रिया केलेल्या रिसीव्हरवर वेल्डिंग करणे कोणताही समंजस कारागीर मान्य करणार नाही. आमच्या रायफलीचे कान जागेवर होते, नळी पूर्ण २६ इंचांची होती आणि रिसीव्हरला नवीन भोके पाडलेली नव्हती. गेले होते ते फक्त लाकूड आणि कडी. तेव्हा कापलेल्या टोकाला अक्रोडाचा तुकडा जोडायचा, वरची आवरणे घडवून घ्यायची आणि दोन्ही कडी मी स्वतः टूलरूममध्ये बनवायची, असा माझा हिशेब होता. मिलिंग मशीनवर त्या दोन दिवसांत झाल्या असत्या.

नाशिकमधील ज्या परवानाधारक विक्रेत्याकडे आम्ही रायफल घेऊन गेलो, त्यांनी ही योजना शांतपणे ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला: “कडी बनवायचा परवाना आहे का तुमच्याकडे?”

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार हत्यारांची निर्मिती, विक्री आणि दुरुस्ती यांसाठी स्वतंत्र परवाना लागतो, आणि अधिनियमाच्या व्याख्येत हत्याराचे सुटे भागही येतात. घरात रायफलीचा परवाना आहे म्हणून भाच्याने कारखान्यात तिचा भाग बनवणे, हा सरळ गुन्हा झाला असता. परदेशातून मूळ दस्ता किंवा कडी मागवणेही त्याच कारणाने खासगी माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. मी तर त्या दिवशी रायफल मामांशिवाय एकट्याने नेण्याच्या विचारात होतो. कलम ३ च्या परंतुकात परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुरुस्तीसाठी हत्यार नेण्याची मुभा आहे. तोंडी परवानगी पुरत नाही. सुदैवाने मामा सोबत आले होते. विक्रेत्यांनी रायफल दुरुस्तीच्या नोंदवहीत चढवली, पावती दिली आणि मगच पेचकस हातात घेतला.

त्यांच्याच दुकानात कामाची वाटणी ठरली. धातूला हात लावायचे प्रत्येक काम, तसेच लाकडाची मोडतोड सांधायचे काम, त्यांच्याकडे आणि त्यांच्या सुताराकडे. लाकडाची आतून-बाहेरून सफाई आणि देखभाल आमच्याकडे, मामांच्या घरी, मामांच्या समक्ष. रिसीव्हर आणि नळी या काळात दुकानाच्या तिजोरीतच राहिली.

लाकडात मुरलेले तेल आणि शेपटीची चीर

दस्ता वेगळा केल्यावर खरा आजार दिसला. बाहेरचा गंज डोळ्यांना टोचत होता, परंतु रायफलीला धोका होता तो आतून. रिसीव्हरच्या मागच्या निमुळत्या शेपटीच्या मागे लाकडात साडेतीन सेंटिमीटरची चीर होती आणि आतले सगळे लाकूड काळे, तेलकट आणि नखाने दाबले तर खळगा पडेल इतके मऊ झाले होते.

या दोन गोष्टींचा संबंध असा. रायफल झाडल्यावर रिसीव्हर मागे रेटला जातो. हा रेटा रिसीव्हरच्या खालच्या बाजूचा एक आडवा खुरा लाकडातल्या खाचेवर घेतो. सत्तर वर्षे दर दिवाळी-दसऱ्याला प्रेमापोटी भरपूर तेल घातले गेले आणि रायफल उभी ठेवल्यामुळे ते ओघळून याच जागी साठत गेले. तेलाने लाकूड मऊ झाले, मऊ लाकूड खुऱ्यामागे दबले, रिसीव्हर केसभर मागे सरकू लागला आणि मग रेटा खुऱ्याऐवजी शेपटीवर आला. शेपटी निमुळती असल्यामुळे तिने पाचरीसारखे काम केले आणि दस्ता उभा चिरत गेला. घरोघरच्या जुन्या बंदुकांच्या दस्त्यांना याच जागी चीर गेलेली दिसते आणि बहुतेक ठिकाणी वरून खिळा ठोकून ती ‘दुरुस्त’ केलेली असते. त्या खिळ्याने चीर वाढतेच.

तेल काढण्याचा माझा पहिला विचार उन्हाचा होता. काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दस्ता नाशिकच्या चैत्र-वैशाखातल्या गच्चीवर ठेवला, तर आतले तेल घामासारखे बाहेर येते, ही खात्रीची जुनी रीत आहे. त्याआधी बाहेरचे पॉलिश कशाचे आहे हे पाहणे मात्र आवश्यक होते. पुढच्या दस्त्याच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा फिरवला. पॉलिश लगेच चिकट झाले, म्हणजे ते चपडी लाखेचे फ्रेंच पॉलिश होते. व्हार्निश असते तर स्पिरिटला जुमानले नसते. पहिला बोळा चहाच्या रंगाचा निघाला, दुसराही तसाच. तिसरा बोळा मी दोन बोटे मागे सरकवून फिरवला आणि त्यावर गुलाबी छटा आली.

मामा समोर बसून पाहत होते. “थांब,” ते म्हणाले, “लाकूड असा रंग सोडत नाही.”

आम्ही तिथेच थांबलो. भिंग लावून, टोकदार केलेल्या बांबूच्या काडीला जेमतेम ओला कापूस गुंडाळून बोटाच्या पेराएवढी जागा मोकळी करायला दोन तास लागले. लाखेच्या थराखाली विटका लाल रंग होता. त्याची मागची कड सरळ रेषेत, पट्टी लावून रंगवल्यासारखी होती आणि एका जागी काळ्या रंगाचा अर्धगोल उरला होता. बाजूने उजेड पाडून पाहिल्यावर लाखेखालून तो पट्टा दस्त्याच्या दोन्ही अंगांना गेलेला दिसला. त्याची रुंदी ४८ मिलिमीटर भरली, म्हणजे दोन इंचांना थोडीशी कमी.

१९४० मध्ये डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिश सैन्य मोठ्या प्रमाणावर शस्त्रास्त्रे मागे टाकून आले. त्यानंतर अमेरिकेने साठ्यातल्या या १९१७ च्या रायफली ब्रिटनला दिल्या आणि तिथे त्या प्रामुख्याने होम गार्ड या स्वयंसेवक दलाकडे गेल्या. अडचण अशी होती की, त्या ‘पॅटर्न १४’ सारख्याच दिसत, परंतु त्यांचे काडतूस वेगळे होते आणि .३०३ चे काडतूस चुकून घातले तर ते अडकून बसे. ही चूक होऊ नये म्हणून पुढच्या दस्त्याभोवती दोन इंचांचा लाल पट्टा रंगवत आणि त्यावर काळ्या अक्षरांत ३०० हा आकडा छापत. आमच्या हाती लागलेला काळा अर्धगोल त्या आकड्यातल्या शून्याचा आहे, असे माझे मत आहे.

मला त्या क्षणी जे वाटले ते स्पष्टच लिहितो. आदल्या महिन्यातच मी याच दस्त्याच्या मागच्या भागावर, मुठीच्या खाली, हातभर जागेत १२० नंबरचा पॉलिश पेपर घासून पाहिला होता आणि तिथली लाख लाकडापर्यंत उडवली होती. तो पेपर तेव्हा पुढच्या बाजूने सुरू केला असता, तर हा पट्टा पाच मिनिटांत धुळीत गेला असता आणि काय गेले हे आम्हांला कधीच कळले नसते.

बदललेली योजना

त्या पट्ट्यानंतर १९१८ चे रूप परत आणण्याचा विचार मी सोडून दिला. कायद्याने ती वाट आधीच अडवली होती. आता मला स्वतःलाही ती नको होती. जून १९१८ मध्ये एडिस्टोनला तयार झालेली, १९४० नंतर इंग्लंडमध्ये लाल पट्टा ल्यालेली, युद्धानंतर तिथेच कापली गेलेली आणि त्यानंतर सत्तर वर्षे गोदाकाठच्या शेतावर राहिलेली अशी ही वस्तू आहे. यातली कोणती अवस्था ‘खरी’, हे ठरवण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. दस्त्याच्या टोकावर कारखान्याचे अक्षर असते, ते कापल्या टोकाबरोबर गेले. नवे टोक जोडून त्यावर नवे अक्षर उमटवणे म्हणजे खोटा दस्तऐवज तयार करणे झाले असते. ज्यांच्याकडे फक्त लाकूड कापलेली, बाकी कोरी रायफल आहे आणि सुटे भाग कायदेशीरपणे मिळण्याची सोय आहे, अशा देशांतल्या संग्राहकांनी टोक जोडून घ्यावे, त्याला माझा विरोध नाही. या रायफलीच्या बाबतीत ते चूक ठरले असते.

उन्हाची रीतही रद्द झाली. लाख उष्णतेने मऊ पडते आणि काळ्या प्लॅस्टिकमधल्या उन्हात ती लाल रंगासकट ओघळली असती. त्याऐवजी खडूची बारीक पूड मिनरल टर्पेंटाइनमध्ये कालवून तिचा लेप फक्त आतल्या खाचांमध्ये भरला. टर्पेंटाइनला लाख विरघळत नाही, त्यामुळे बाहेरचा थर सुरक्षित राहतो. लेप सुकताना लाकडातले तेल शोषून पिवळा आणि मग तपकिरी होतो. तो झटकून काढायचा आणि नवा भरायचा. आम्ही फेब्रुवारी ते मार्च असे एकोणीस लेप दिले. पहिल्या पाच-सहा लेपांचा रंग जवळजवळ काळा होता. सतराव्यापासून खडू पांढराच राहू लागला आणि अंगठ्याच्या नखाने दाबलेली खूण लाकडावर उमटेनाशी झाली.

मग दस्ता दुकानात गेला. सुताराने चिरेत पातळ इपॉक्सी सोडून, आतल्या बाजूने आडवी पितळी सळई बसवली आणि शेपटीच्या मागे पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट मोकळी केली, म्हणजे रेटा पुन्हा खुऱ्यावरच येईल. खुऱ्यामागची दबलेली जागाही इपॉक्सीने भरून घेतली. दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या पोलादी पट्टीखालचा, म्हणजे बटप्लेटखालचा, खालचा कोपरा तुटलेला होता. त्यासाठी लागणारे अक्रोडाचे लाकूड आम्हांला देवळाली कॅम्पमधल्या जुन्या फर्निचरच्या दुकानात, एका मोडक्या टेबलाच्या पायाच्या रूपात सहाशे रुपयांना मिळाले. सागवान सहज मिळाले असते, परंतु त्याचा रेषा-पोत वेगळा आणि तेलकटपणामुळे इपॉक्सी धरण्याची शाश्वती कमी. ठिगळ हेतुतः रंगवून लपवलेले नाही. जवळून पाहिल्यास सांधा दिसतो.

माझ्या पॉलिश पेपरने उघडी पडलेली जागा मेन रोडवरच्या रंगाच्या दुकानातून आणलेल्या चपडी लाखेने, मलमलीच्या बोळ्याने बारा हात देऊन भरून काढली. लाल पट्ट्यावरची खिडकी मात्र तशीच मोकळी ठेवून तिच्यावर लाखेचा एकच पातळ हात दिला. आतल्या कोरड्या लाकडाला उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन हलके हात पुरले. या तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात. आम्ही त्या अंगणातल्या तारेवर पसरून वाळवल्या.

पोलादाचे काम

नळीवरचा गंज घालवण्यासाठी रसायन वापरले नाही. बारीक स्टील वूल आणि पातळ तेल यांनी वरचा गंज गेला, आणि जिथे तो पापुद्र्यासारखा बसला होता तिथे विक्रेत्यांनी तांब्याच्या जुन्या पैशाची कड तेलात बुडवून वापरली. तांबे पोलादापेक्षा मऊ असल्याने गंज खरवडला जातो आणि खालच्या काळ्या थराला ओरखडा पडत नाही. लाकडाच्या रेषेखाली बारीक खड्डे राहिले आहेत, ते राहतीलच.

रिसीव्हरच्या कड्यावर, अगदी मध्यभागी, नाण्याएवढा एक गोल खोल डाग होता. बाकीच्या गंजाशी त्याचा आकार जुळत नव्हता. मामींनी तो पाहताक्षणी ओळखला: दर खंडेनवमीला आजोबा, नंतर मामा, त्याच जागी ओल्या हळद-कुंकवाचे बोट टेकवत आले होते. या डागावर दुकानात तेलाच्या बोळ्यापलीकडे काहीही वापरू दिले नाही. पुन्हा काळे करून घेण्याचा म्हणजे ब्ल्यूइंगचा प्रस्तावही आम्ही नाकारला. त्यासाठी आधी पृष्ठभाग घासावा लागतो आणि शिक्क्यांच्या कडा त्यात बुजतात.

या मॉडेलच्या दोन दुखण्यांची तपासणी मुद्दाम करून घेतली. एडिस्टोनच्या कारखान्यात नळ्या यंत्राने फार घट्ट आवळल्या जात आणि पुढे नळी बदलताना जोर लावला गेला की रिसीव्हरच्या कड्याला बारीक तडा जातो, ही गोष्ट या रायफलींच्या जाणकारांना परिचित आहे. आमची नळी मूळचीच असल्यामुळे शक्यता कमी होती, तरी विक्रेत्यांनी डाय पेनेट्रंटची तीन फवाऱ्यांची चाचणी केली. लाल द्रव लावून, पुसून, पांढरा डेव्हलपर मारल्यावर तडा असेल तर तिथे लाल रेघ उमटते. अर्धा तास आम्ही सगळे त्या पांढऱ्या कड्याकडे पाहत होतो. रेघ उमटली नाही. नळी कधीही काढायची नाही, असे मामांनी तिथेच वहीत लिहून ठेवले.

दुसरे दुखणे इजेक्टरचे, म्हणजे रिकामा कोश बाहेर फेकणाऱ्या भागाचे. त्याची पातळ पट्टीची स्प्रिंग त्याच भागात कोरलेली असते आणि ती तुटते. आमचीही तुटलेली होती, त्यामुळे रिकामा कोश बाहेर फेकला जात नव्हता. विक्रेत्यांनी तुटक्या पट्टीच्या जागी लहान गुंडाळी स्प्रिंग बसवली. शेवटी हेडस्पेसची, म्हणजे मिटलेला बोल्ट आणि काडतूस टेकण्याची जागा यांतल्या अंतराची, मापाच्या तुकड्यांनी (गेजनी) तपासणी झाली. १.९४० इंचांच्या गेजवर बोल्ट मिटला, १.९४६ च्या गेजवर मिटला नाही, म्हणजे अंतर मर्यादेत आहे. नळीच्या आत गोळीला फिरकी देणाऱ्या पाचही खाचा स्पष्ट आहेत. मधल्या भागात जुन्या काडतुसांच्या क्षारयुक्त प्रायमरने (ठिणगी पाडणाऱ्या बुडाच्या टोपीने) पडलेले करडे डाग आहेत, ते तसेच ठेवले.

खर्च एकूण ८,९५० रुपये झाला. तपासण्या आणि गंजाच्या कामाचे तीन हजार, इजेक्टरचे दीड हजार, तेल, लाख, खडू आणि ब्रश मिळून १,४५०, अक्रोडाचे सहाशे, इपॉक्सी आणि सळईचे चारशे, सिलिका जेल आणि नव्या सुती कव्हरचे नऊशे, आणि निफाड-नाशिक फेऱ्यांचे अकराशे. सुताराने मजुरी घेतली नाही. लाल पट्ट्याची गोष्ट ऐकल्यावर त्याने तसे आपणहून सांगितले आणि आमचा आग्रह मानला नाही.

मामांनी सत्तरी ओलांडली आहे. शस्त्र नियम २०१६ मधील नियम २५ प्रमाणे अशा परवानाधारकाच्या हयातीतच कायदेशीर वारसाला परवाना मिळू शकतो, त्यानुसार माझ्या मामेबहिणीचा अर्ज जिल्हादंडाधिकारी कार्यालयात दाखल केला आहे. तिने शिक्क्यांची, लाल पट्ट्याची आणि ठिगळाची छायाचित्रे तारखेनिशी एका फाइलमध्ये लावली आहेत, आणि आजोबांची मुंबईच्या दुकानाची पावती त्याच फाइलच्या पहिल्या पानावर आहे.

२०२५ च्या खंडेनवमीला रायफल पाटावर सुती कापडावर ठेवली. मामांनी सवयीने ओले बोट रिसीव्हरकडे नेले, मध्येच थांबवले आणि कुंकू पाटाच्या कडेला टेकवले. आरती झाल्यावर बहिणीने हातमोजे घालून धातू तेलाच्या फडक्याने पुसला, सिलिका जेलची पुडी बदलली आणि वहीत तारीख घातली.